बदलत्या आकाराच्या पॅकेटांसाठी कर्नलमधला रिंग बफर: प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५

काम हातात आलं ते असं. एका मापन-बोर्डाचा लिनक्स ड्रायव्हर आहे, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ६.१२ वर. बोर्डावर अनेक चॅनेल, प्रत्येकाचा इंटरप्ट (प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा) वेगळा, आणि हे इंटरप्ट वेगवेगळ्या सीपीयूंवर एकाच वेळी येऊ शकतात. पॅकेट आलं की हँडलर (इंटरप्ट हाताळणारं फंक्शन) ते बोर्डाच्या फिफोतून (आलेल्या क्रमाने डेटा देणाऱ्या रांगेतून) उचलतो आणि यूझर-स्पेसमधला (कर्नलबाहेरचा) प्रोग्रॅम वाचेपर्यंत सांभाळून ठेवतो. अडचण पॅकेटच्या आकाराची आहे. डेटा शून्यापासून ४,००० बाइटपर्यंत कितीही येतो. बहुतेक वेळा शंभरच्या आसपास, मधूनच एखादा मोठा ब्लॉक.

सध्याची पद्धत सरळ आहे: प्रत्येक पॅकेटमागे एक केमॅलॉक (कर्नलकडे मेमरी मागणं), लिस्टमध्ये जोडणी, वाचून झालं की केफ्री (ती परत देणं). कोड वाचायला छान आहे. पण इंटरप्टमध्ये झोपता येत नाही, म्हणून मेमरीची मागणी ‘ॲटॉमिक’ प्रकारची करावी लागते. अशा मागणीसाठी कर्नल थांबून जुनी पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) मोकळी करत बसू शकत नाही. हाताशी असेल तर देतो, थोडं राखीव साठ्यातूनही देतो, आणि तेही आटलं की नल (‘मेमरी नाही’ असं उत्तर) परत येतो. म्हणजे मशीनवर मेमरीचा ताण पडला की नेमकी तेव्हाच मापनं गळतात. आणि या बोर्डाचा उपयोगच मुळी ताणाच्या वेळी काय घडलं हे कळण्यासाठी आहे.

५ मार्च

आज केमॅलॉकचा हिशेब कागदावर मांडला. एक्स८६-६४ वर लिस्टचा नोड १६ बाइट, वेळ-चॅनेल-खुणा यांची माहिती १६ बाइट, त्यावर डेटा. डेटा १०० बाइट धरला तर एकूण १३२. पण १३२ मागून १३२ मिळत नाहीत. केमॅलॉकमागचा वाटपकर्ता स्लब ठरावीक मापांचे साचे ठेवतो: ८, १६, ३२, ६४, ९६, १२८, १९२, २५६, ५१२ आणि पुढे दुपटीने ८,१९२ पर्यंत. १३२ ला १९२ चा साचा लागतो, ६० बाइट वाया. डेटा २,१०० बाइटचा असेल तर एकूण २,१३२, आणि साचा थेट ४,०९६ चा. तिथे १,९६४ बाइट नुसते धरून ठेवलेले.

ही नासाडी दिसते तरी. दुसरी पटकन दिसत नाही. एका साच्याच्या वस्तू एकाच स्लॅबमध्ये, म्हणजे पानांच्या एका गठ्ठ्यात, शेजारी-शेजारी बसतात. मोठ्या ब्लॉकांची झुंबड येऊन गेली, त्यातले बरेच वाचले गेले, आणि स्लॅबमध्ये एकच वस्तू उरली, तरी त्या स्लॅबची पानं परत जात नाहीत. आपल्या पॅकेटांच्या आकाराचं मिश्रण सतत बदलतं, त्यामुळे अर्धवट भरलेले स्लॅब मागे राहणारच.

यात स्लॅब पद्धतीला दोष देण्यासारखं काही नाही. जेफ बॉनविकने १९९४ मध्ये सोलॅरिससाठी हा विचार मांडला तो एकाच प्रकारच्या वस्तू पुन्हा पुन्हा लागतात तेव्हा काय करावं यासाठी, आणि त्या कामात त्याला तोड नाही. लिनक्समध्ये त्याच्या तीन आवृत्त्या नांदल्या, स्लॉब ६.४ मध्ये गेला, मूळ स्लॅब ६.८ मध्ये गेला, आता स्लब एकटाच आहे. आपली गरजच वेगळ्या जातीची आहे. आकार दर वेळी नवा, आयुष्य अगदी थोडं, आणि वाचण्याचा क्रम जवळपास येण्याचाच क्रम. हा शेवटचा गुण मला सगळ्यात मोलाचा वाटतो. जे ज्या क्रमाने आलं त्याच क्रमाने जाणार असेल, तर त्यासाठी सर्वसाधारण वाटपकर्त्याच्या दारात जायचं कारणच उरत नाही.

६ मार्च

पर्याय तपासले. त्यातले काही लगेच बाद.

स्टॅकवर (फंक्शनांच्या स्थानिक चलांच्या जागेत) बदलत्या लांबीचा ॲरे: नाही. एक्स८६-६४ वर कर्नल स्टॅक एकूण १६ किलोबाइट, त्यात आपल्याआधीच्या सगळ्या फंक्शनांचा वाटा. शिवाय असे ॲरे कर्नलमधून हद्दपार करण्याची मोहीम २०१८ मध्ये ४.२० च्या सुमारास पुरी झाली. आता कंपायलरच इशारा देतो.

मेमपूल: ताणाच्या वेळीही ठरावीक संख्येने वस्तू मिळतील याची हमी देतो, पण प्रत्येक वस्तू एकाच मापाची. मग सगळ्या ४ किलोबाइटच्या ठेवाव्या लागतील आणि शंभर बाइटचं पॅकेट त्यात ठेवायचं. हमी मिळेल, नासाडी चाळीसपट होईल.

तुकड्यांची साखळी: हा पर्याय गंभीरपणे पाहिला, कारण नेटवर्किंगमध्ये तो दशकानुदशकं टिकला आहे. बीएसडीचे एमबफ लहान ठरावीक तुकड्यांचे. फ्रीबीएसडीत एक तुकडा २५६ बाइटचा, आणि मोठ्या डेटासाठी त्याला २,०४८ बाइटचा क्लस्टर लटकवलेला. लिनक्सचा एसके-बफ सुरुवातीचा सलग भाग ठेवतो आणि उरलेला डेटा पानांच्या तुकड्यांत; ४ किलोबाइटच्या पानांवर असे १७ तुकडे ही नेहमीची मर्यादा. पण ही रचना कशासाठी आहे ते पाहावं. पॅकेट एकेका थरातून खाली येताना पुढे हेडर (सुरुवातीची माहिती) चिकटतं, वर जाताना काढलं जातं, आणि डेटा कॉपी न करता हे सगळं जमावं लागतं. आपलं पॅकेट एकदा आलं की वाढत नाही, घटत नाही. साखळीचा गुंता अंगावर घेऊन बदल्यात काहीच मिळणार नाही.

१० मार्च

ठरलं. रिंग बफर, म्हणजे टोकाला पोचलं की पुन्हा सुरुवातीपासून भरत जाणारी एकच मेमरी. ती एकदाच, ड्रायव्हर सुरू होताना घ्यायची. तेव्हा झोपता येतं, थांबता येतं, आणि मिळाली नाही तर स्वच्छपणे ‘सुरू होत नाही’ असं सांगता येतं. इंटरप्टमध्ये वाटप अजिबात नाही. तिथे घेतलेल्या मेमरीतली फक्त जागा धरायची. आकार बदलता आहे, म्हणून वाटपही बदलतं असलंच पाहिजे असं नाही. माझ्या मते या सगळ्या कामाचा पाया हाच आहे.

रिंग १ मेगाबाइटची धरली. मग ही मेमरी आणायची कुठून? पहिला विचार: पान-वाटपाकडून सलग. ४ किलोबाइटची २५६ पानं, म्हणजे आठव्या ऑर्डरची (दोनाचा आठवा घात इतक्या पानांची) मागणी. बडी पद्धत (केनेथ नोल्टनची, १९६५ ची) दोनाच्या घातांकातच ब्लॉक देते, आणि लिनक्स तिसऱ्या ऑर्डरच्या वर, म्हणजे ३२ किलोबाइटच्या वर गेलं की मागणी ‘महाग’ धरतो. नुकत्याच चालू झालेल्या मशीनवर आठवी ऑर्डर सहज मिळते. आठवडाभर चाललेल्या मशीनवर प्रॉक-खालची बडीइन्फो फाइल उघडून पाहा. उजवीकडचे, म्हणजे मोठ्या मोकळ्या ब्लॉकांचे, रकाने रिकामे होत गेलेले दिसतात. मोकळी मेमरी भरपूर असते, पण विखुरलेली.

आपल्याला भौतिकदृष्ट्या सलग मेमरी लागते का? बोर्ड डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता थेट मेमरीत लिहिणं) करत नाही. हँडलर फिफोतून शब्द-शब्द वाचतो. म्हणजे पत्ते सलग दिसले की पुरे. उद्या डीएमए आलं तर हे पुन्हा पाहावं लागेल, कारण व्हीमॅप केलेला (विखुरलेली पानं सलग आभासी पत्त्यांवर जोडून मिळालेला) पत्ता डीएमएच्या साध्या एकसंध मॅपिंगला देता येत नाही; पानांची यादी द्यावी लागते. तशी यादी आपण ठेवणारच आहोत, म्हणून ती वाट बंद होत नाही.

केव्हीमॅलॉकचा विचारही झाला. तो ४.१२ पासून आहे: आधी केमॅलॉक करून पाहतो, जमलं नाही तर व्हीमॅलॉकवर (विखुरलेली पानं सलग पत्त्यांवर देणाऱ्या वाटपावर) येतो. बहुतेक ठिकाणी मी तोच वापरला असता. इथे नाही, कारण पानं वेगवेगळी हातात हवी आहेत. का, ते उद्या.

११ मार्च

रिंगचं दुखणं एकच असतं: शेवटचं टोक. रिंगच्या अखेरीस ४० बाइट उरलेत आणि १२८ बाइटची नोंद बसवायची आहे, तर?

पहिला मार्ग, उरलेली जागा भराव म्हणून सोडून नोंद सुरुवातीपासून लिहायची. ५.१० मध्ये आलेला प्रिंटकेचा (कर्नलच्या संदेशांचा) लॉकविरहित बफर असंच करतो. टोकाला न मावणारा ब्लॉक पूर्णपणे सुरुवातीला ठेवतो. एफट्रेसचा (कर्नलमधल्या घटना टिपणाऱ्या साधनाचा) बफर हाच विचार पानागणिक करतो: नोंद पानाची सीमा कधीच ओलांडत नाही, उरलेल्या जागेत भरावाची खूण पडते. आपल्या मोठ्या पॅकेटांना हे परवडणारं नाही. पानागणिक भराव ठेवला तर सगळ्यात मोठ्या पॅकेटची, हेडर धरून ४,०२४ बाइटची, नोंद जवळजवळ दर वेळी नवं पान मागेल, आणि तिच्याआधीच्या पानाचा उरलेला भाग फुकट जाईल.

दुसरा मार्ग, नोंद तोडून दोन भागांत लिहायची. जागा वाया जात नाही, पण मग रिंगला हात लावणाऱ्या प्रत्येक फंक्शनला ‘तुटली आहे का’ हा प्रश्न विचारावा लागतो. हेडरच तुटलं तर आणखी कटकट. असे प्रश्न कुठेतरी एकदा राहून जातात, आणि ते टोक गाठेपर्यंत चाचणीत दिसत नाहीत.

तिसरा मार्ग मला मनापासून आवडतो, आणि बीपीएफचा (कर्नलमध्ये छोटे प्रोग्रॅम चालवायच्या सोयीचा) रिंग बफर (५.८ पासून) तोच वापरतो. तीच पानं आभासी पत्त्यांवर दोनदा, एकापाठोपाठ एक मॅप करायची. २५६ पानं सुटी घेतली, ५१२ जागांची यादी केली, पहिल्या २५६ जागांत ती पानं आणि पुढच्या २५६ जागांत पुन्हा तीच, त्याच क्रमाने. ही यादी व्हीमॅपला दिली. आभासी जागा २ मेगाबाइट, भौतिक मेमरी १ मेगाबाइटच. आता टोकाला ४० बाइट उरले असताना १२८ बाइट सरळ लिहीत गेलं की ४१ वा बाइट दुसऱ्या प्रतीच्या पहिल्या पानावर पडतो. ते पान म्हणजे रिंगचं पहिलंच पान. नोंद सलग दिसते, तुटत नाही, कोडमध्ये एकही अट वाढत नाही. हे काम प्रोसेसरची पत्ते-बदल यंत्रणा करते, आणि ती नाहीतरी प्रत्येक वाचनाला चालतच असते.

याची किंमत माहीत असावी. व्हीमॅपच्या पत्त्यांना ४ किलोबाइटच्या पानांची नोंदणी लागते, थेट मॅपिंगसारखी मोठी पानं मिळत नाहीत; टीएलबीवर (पत्ते-बदलाच्या कॅशवर) थोडा जास्त भार. आणि काही जुन्या एआरएम व मिप्स प्रोसेसरांत कॅश आभासी पत्त्यावर चालते. तिथे एकाच पानाच्या दोन पत्त्यांवर दोन वेगळ्या प्रती दिसू शकतात. आपलं हार्डवेअर एक्स८६-६४ आणि एआरएम६४, दोन्हीकडे ही भीती नाही. बिल्डच्या संरचनेत ही अट लिहून ठेवली.

मोकळं करताना व्हीअनमॅप एकदा, आणि मग २५६ पानं प्रत्येकी एकदाच परत. यादीत ५१२ आहेत म्हणून ५१२ वेळा परत करायची नाहीत. वर टिप्पणी टाकली.

१२ मार्च

छोटी नोंद. रिंगचा आकार दोनाचा घात ठेवला. लिहिण्याचं स्थान आणि वाचण्याचं स्थान दोन्ही फक्त वाढत जातात, कधीच शून्यावर आणायचे नाहीत. पत्ता काढताना मास्क लावायचा, म्हणजे स्थानाचे फक्त खालचे बिट घ्यायचे. केफिफोही (कर्नलमधली तयार रांग) असाच चालतो. भरलेली जागा म्हणजे दोन स्थानांची वजाबाकी, आणि चिन्हरहित अंकांत ती गणना गुंडाळली गेली तरी बरोबर येते. ‘रिकामा’ आणि ‘पूर्ण भरलेला’ यांत गोंधळ होत नाही, एक जागा राखून ठेवायची गरज नाही.

दोन्ही स्थानं वेगवेगळ्या कॅश-ओळींवर. एक सीपीयू लिहीत असताना दुसऱ्याची वाचनाची ओळ उगाच उडायला नको.

१३ मार्च

नोंदीचं हेडर. यावर बराच वेळ घालवला, आणि तो घालवायलाच हवा होता, कारण लहान नोंदींत हेडरचं वजन जाणवतं.

एफट्रेसचं हेडर कंजूषपणाचा उत्तम नमुना आहे: फक्त ३२ बिट. त्यातले ५ बिट प्रकार आणि लांबी मिळून, २७ बिट मागच्या नोंदीपासूनचा वेळ. लांबी चार बाइटच्या पटीत त्या ५ बिटांतच बसते, म्हणून ११२ बाइटपर्यंतच्या डेटाला चार बाइटचं हेडर पुरतं. २७ बिटांत नॅनोसेकंद म्हणजे सुमारे १३४ मिलिसेकंद. त्याहून जास्त खंड पडला तर वेगळी वेळ-नोंद घालतात.

आपण हे घेत नाही. आपल्याला प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे वाचता आली पाहिजे. मागची हरवली म्हणून पुढचीचा वेळ चुकला, असं मापनात चालत नाही. ८ बाइटचं रिंग-हेडर: ३२ बिट लांबी, त्यातले वरचे दोन बिट ‘चालू आहे’ आणि ‘टाकून द्या’, उरलेले ३२ बिट सध्या राखीव. पुढे १६ बाइट माहिती: वेळ ८, चॅनेल २, खुणा २, आणि ४ बाइट ‘याआधी किती गळली’. मग डेटा, स्ट्रक्चरच्या शेवटी लवचिक ॲरे म्हणून. यूझरला दिसणाऱ्या स्ट्रक्चरमध्ये तो रिकाम्या कंसाचाच ॲरे. शेवटी एक घटकाचा ॲरे ठेवायची जुनी युक्ती आता नको, कंपायलरच्या सीमा-तपासण्या तिथे आंधळ्या होतात. कर्नलच्या बाजूला ‘काउंटेड-बाय’ लावलं, म्हणजे लांबी कुठल्या फील्डमध्ये आहे हे कंपायलरला कळतं. आकाराच्या बेरजा स्ट्रक्ट-साइझ मॅक्रोने. बेरीज ओसंडली तर तो कमाल मूल्यावर थांबतो आणि पुढची तपासणी नोंद नाकारते.

एकूण आठाच्या पटीत वर नेली. १०० बाइट डेटा: ८ + १६ + १०० = १२४, वर नेऊन १२८. आधी १९२ जात होते. २,१०० चा ब्लॉक: २,१२८, आधी ४,०९६. पूर्ण ४,००० चा: ४,०२४. नासाडी कधीही ७ बाइटच्या वर जात नाही. १ मेगाबाइटमध्ये शंभर बाइटवाल्या ८,१९२ नोंदी किंवा सगळ्यात मोठ्या २६०.

१७ मार्च

आजचा दिवस क्रमाचा. मेमरी कुठून आली, टोक कसं जोडलं, हे सगळं सोपं ठरतं या प्रश्नापुढे: नोंद पुरी झाली हे कुणी आणि केव्हा जाहीर करायचं?

फिफोतून ४,००० बाइट वाचणं मंद असतं. बोर्डाची मेमरी आहे ती, कॅशमधून येत नाही. ते सगळं लॉक धरून केलं तर बाकीचे चॅनेल तोवर फिरत बसतील. म्हणून काम दोन टप्प्यांत. आधी जागा धरायची, लॉकमध्ये, मोजक्या सूचनांत. मग लॉक सोडून सावकाश डेटा भरायचा. शेवटी नोंद पक्की करायची.

लॉकच्या आत असं होतं: वाचकाचं स्थान वाचायचं, जागा पुरते का पाहायचं, धरलेल्या जागेवर हेडर लिहायचं (‘चालू आहे’ बिट लावून), आणि त्यानंतरच लिहिण्याचं स्थान पुढे सरकवायचं. या शेवटच्या दोन पायऱ्यांचा क्रम म्हणजे जीव आहे. तो उलटला तर काय होतं ते पाऊल-पाऊल लिहून ठेवतो, कारण पुढे कुणी हा कोड ‘सोपा’ करायला येईल.

समजा स्थान आधी सरकलं आणि हेडर नंतर पोचलं. रिंगच्या त्या जागेवर मागच्या फेरीतला कचरा पडून आहे. तो साधा कचरा नाही. तिथे एक जुनं, पूर्ण, पक्कं झालेलं हेडर असू शकतं, ‘चालू आहे’ बिट नसलेलं, लांबी अगदी शहाण्यासारखी. वाचक स्थान पाहतो, पुढे नोंद आहे म्हणतो, जुनं हेडर खरं मानतो. मागच्या फेरीचा डेटा नवा म्हणून यूझरला देतो. मग जुन्या लांबीइतकी उडी मारतो आणि एका नव्या नोंदीच्या पोटात उतरतो. तिथले मापनाचे बाइट त्याला हेडर वाटतात. यापुढे काहीच खरं राहत नाही, आणि कुठेही क्रॅश झालेला नाही.

म्हणून स्थान ‘स्टोअर-रिलीज’ने लिहायचं, वाचकाने ‘लोड-ॲक्वायर’ने वाचायचं. मग वाचकाला नवं स्थान दिसलं की त्याआधीचं हेडर दिसणारच. हेडरमध्ये ‘चालू आहे’ दिसलं की वाचक तिथेच थांबतो. तिच्यानंतरच्या नोंदी पक्क्या झालेल्या असल्या तरी तिला ओलांडून जात नाही. मंद चॅनेलमुळे जलद चॅनेल थोडा वेळ अडतो, हे खरं. पण क्रम कधी मोडत नाही, आणि आपल्याला क्रम जास्त प्यारा आहे.

पॅकेट भरून झाल्यावर सीआरसी (डेटा बिघडला का ते तपासणारा आकडा) जुळला नाही तर? धरलेली जागा परत करता येत नाही, कारण पुढे दुसऱ्याने जागा धरलेली असू शकते. तिथे ‘टाकून द्या’ बिट. वाचक लांबी वाचतो, नोंद न देता पुढे सरकतो.

वाचकाच्या बाजूलाही तेच बंधन, उलट दिशेने: डेटा पूर्ण कॉपी झाल्यावरच त्याने आपलं स्थान रिलीजने पुढे न्यायचं. नाहीतर वाचत असतानाच त्या जागेवर नवं पॅकेट उतरेल.

१८ मार्च

कालचं सगळं एआरएम६४ वर चालवून पाहणं गरजेचं आहे, एक्स८६ वर नुसतं चालून उपयोग नाही. एक्स८६ दोन लेखनांचा क्रम प्रोसेसर पातळीवर राखतो, त्यामुळे रिलीज विसरला तरी तो बरेचदा पाठीशी घालतो. कंपायलरने उलथापालथ केली तरच दिसतं. एआरएम६४ अशी सवलत देत नाही. केसीसॅनही (सीपीयूंमधल्या शर्यती शोधणारं साधन) चालू केला, म्हणजे खुणा न केलेले सामाईक वाचन-लेखन तो दाखवेल.

२० मार्च

रिंग भरली तर कोण जाणार: नवं की जुनं? एफट्रेस दोन्ही करू देतो, आणि विमानातल्या नोंदयंत्रासारखं ‘शेवटचं हवं’ असेल तर जुनं पुसणंच बरोबर. पण बदलत्या आकाराच्या नोंदींत जुनं पुसणं महाग आहे. एका ४,०२४ च्या नव्या नोंदीसाठी पुढच्या बत्तीस लहान नोंदी ओलांडाव्या लागतील, आणि त्यातली एखादी वाचक आत्ता वाचत असेल. एफट्रेस यासाठी वाचकाला एक वेगळं पान देऊन अदलाबदल करतो. ते सुंदर आहे, पण नोंद पानात मावते या अटीवर उभं आहे.

आपण नवं टाकतो, आणि मोजतो. पुढची जी नोंद आत जाईल तिच्या ‘याआधी किती गळली’ या फील्डमध्ये तो आकडा. खड्डा कुठे पडला हे डेटाच्या ओघातच कळतं. एकूण गळतीचा एक वेगळा काउंटर ठेवून भागत नाही. गळती झाली एवढं कळतं, कुठे झाली ते नाही.

२४ मार्च

वाचन. रीड कॉलला लॉक म्यूटेक्सचा (धरून झोपता येतं असा), कारण यूझरच्या मेमरीत कॉपी करताना पान नसेल तर झोपावं लागतं. स्पिनलॉक धरून ते करता येत नाही. यूझरने दिलेला बफर नोंदीपेक्षा लहान असेल तर अर्धी नोंद द्यायची नाही, त्रुटी परत. कर्नलचा केमेसेज डिव्हाइसही असंच वागतो.

मग एमॅप, म्हणजे कर्नलची पानं यूझरच्या पत्त्यांवर दाखवणं. डेटाची पानं यूझरला थेट दिसली तर कॉपी वाचते, आणि दुहेरी मॅपिंग तिकडेही दिलं तर यूझरच्या कोडलाही टोकाची चिंता नाही. पानं घेताना शून्य भरून घेतली आहेत, नाहीतर दुसऱ्या कुणाचा जुना डेटा उघडा पडेल.

प्रश्न वाचकाच्या स्थानाचा. बीपीएफमध्ये ते स्थान यूझरला लिहिता येणाऱ्या पानावर असतं. झटपट आहे, पण त्या आकड्यावर कर्नलने विश्वास ठेवायचा तर सांभाळून. २०२४ मध्ये तिथे याच मुळाचा दोष दुरुस्त झाला: यूझरने स्थान मनाला येईल तसं पुढे लिहिलं की अजून पक्क्या न झालेल्या नोंदीवर दुसरी नोंद धरली जाऊ शकत होती. आता ते सगळ्यात जुन्या अपुऱ्या नोंदीचं स्थान वेगळं लक्षात ठेवतात.

आपल्याला इतकी घाई नाही. यूझरला सगळं फक्त वाचण्यासाठी. स्थान कर्नलच्या ताब्यात, आणि ‘इथपर्यंत वाचलं’ हे एका आयऑक्टलने (ड्रायव्हरला आज्ञा देणाऱ्या कॉलने) सांगायचं. कर्नल जुन्या स्थानापासून हेडर-हेडर चालत जातो. सांगितलेलं ठिकाण नोंदीच्या सीमेवर पडलं आणि मधे कुठली अपुरी नोंद नसली तरच मान्य. हेडर यूझरला बदलता येत नाहीत म्हणून या चालीवर भरवसा ठेवता येतो. एमॅप करताना ‘पुढे लिहिण्याची परवानगी मिळू शकते’ ही खूणही काढून टाकली, नाहीतर एमप्रोटेक्टने (पानांची परवानगी बदलणाऱ्या कॉलने) मागच्या दाराने ती मिळवता आली असती.

२६ मार्च

वाचकाला जागं करणं. प्रत्येक नोंदीमागे जागं केलं तर सीपीयू त्यातच दमतो. वाचक नेमका याच नोंदीपाशी येऊन थांबला असेल तरच जागं करायचं. तो मागे असेल तर तो स्वतःच इथवर येणार आहे.

यात एक बारीक शर्यत आहे. लिहिणारा आधी ‘पक्की’ असं लिहितो, मग वाचकाचं स्थान वाचतो. वाचक आधी आपलं स्थान लिहितो, मग हेडर वाचतो. दोघांचं लेखन आपापल्या स्टोअर-बफरमध्ये अडकलं आणि वाचन पुढे झालं, तर लिहिणाऱ्याला वाटतं ‘वाचक अजून मागे आहे’, वाचकाला वाटतं ‘नोंद अजून अपुरी आहे’, आणि तो झोपी जातो. उठवणारं कुणी नाही. लेखनानंतरचं वाचन पुढे सरकू देणं एक्स८६ लाही मान्य आहे, त्यामुळे इथे रिलीज पुरत नाही. पूर्ण बॅरिअर, म्हणजे आधीचं लेखन पोचेपर्यंत पुढचं वाचन रोखणारा अडसर, लागतो. म्हणून पक्कं करताना एक्सचेंज वापरलं, त्यात तो बॅरिअर येतोच, बीपीएफही तेच करतो. वाचकाच्या बाजूला झोपण्याआधी अट पुन्हा तपासली जाते, आणि वेट-इव्हेंट मॅक्रोत तो बॅरिअर आधीपासून आहे.

२८ मार्च

रिंग घेतल्याने काय गमावलं, ते प्रामाणिकपणे लिहायला हवं. केमॅलॉकच्या प्रत्येक वस्तूभोवती केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन) निषिद्ध पट्टा ठेवतो. एक बाइट बाहेर लिहिला की लगेच ओरडतो. रिंग त्याच्या दृष्टीने एकच मोठा तुकडा आहे. एका नोंदीने शेजारच्या नोंदीत लिहिलं तर केसॅनला त्यात वावगं काहीच दिसत नाही. ही सुरक्षा सहज हातची जाते, आणि ती गेल्याचं कुठे कळतही नाही.

म्हणून डिबग बिल्डमध्ये प्रत्येक नोंदीनंतर ८ बाइटची खूण घातली: नोंदीच्या स्थानावरून काढलेला आकडा, म्हणजे मागच्या फेरीची खूण या फेरीत खरी ठरत नाही. पक्कं करताना आणि वाचताना, दोन्हीकडे तपासणी. शिवाय बोर्डाने सांगितलेली लांबी एकदाच वाचून स्थानिक चलात घेतली आणि पुढे तीच वापरली. धरताना एक लांबी आणि भरताना पुन्हा वाचलेली दुसरी, असं होता कामा नये. बोर्डाने ४,००० च्या वरचा आकडा सांगितला तर पॅकेट तिथेच नाकारायचं.

१ एप्रिल

एका सहकाऱ्याने विचारलं, चालू असताना रिंगचा आकार बदलता येईल का. येईल: नवी रिंग बांधायची, आरसीयूने (जुनी प्रत वापरणारे संपेपर्यंत ती राखणाऱ्या पद्धतीने) पॉइंटर बदलायचा, जुन्या रिंगवरचे लिहिणारे संपेपर्यंत थांबायचं, वाचकाने आधी जुनी रिकामी करायची. पण त्या काळात दोन रिंगा जिवंत असतात, आणि आधी सिद्ध केलेली प्रत्येक क्रमाची अट दोघींमध्ये पुन्हा सिद्ध करावी लागते. या आवृत्तीत नको. आकार मॉड्यूल पॅरामीटरने, वर नेऊन दोनाच्या घातात, कमाल मर्यादेसह.

सीपीयूमागे एक रिंग हाही प्रश्न निघाला. एफट्रेस तसाच आहे आणि लॉकची भानगड त्यात उरत नाही. पण आपले चॅनेल समान वेगाचे नाहीत. एका सीपीयूची रिंग तुडुंब आणि बाकीच्या रिकाम्या असं होईल, आणि चॅनेलांमधला क्रम वेळेवरून पुन्हा जुळवावा लागेल. सामाईक रिंगच ठेवतो. लॉकच्या आतलं काम इतकं थोडं आहे की आधी लॉकस्टॅटचे (लॉकसाठी किती थांबावं लागलं ते मोजणाऱ्या साधनाचे) आकडे बघू, मग बोलू.

पॅचमालिका चार भागांत तोडली: रिंग आणि दुहेरी मॅपिंग, धरणं-पक्कं करणं, रीड आणि पोल, शेवटी एमॅप व आयऑक्टल. प्रत्येक भाग एकटा बिल्ड होतो. जुना केमॅलॉकचा मार्ग दुसऱ्या भागातच काढून टाकला आहे. दोन्ही मार्ग एकत्र ठेवले तर परीक्षण करणाऱ्याला काय चालू आहे ते कळणार नाही. एमॅपचा भाग वेगळा ठेवलाय तो मुद्दाम, कारण त्यावर जास्त डोळे हवेत, आणि तो अडला तरी पहिले तीन पुढे जाऊ शकतात.